मंडपाबाहेरचा तंबोरा

संगीताच्या मोठ्या उत्सवाला जाणाऱ्या माणसाला मंडपांत शिरण्यापूर्वीं एका बाजारांतून जावें लागतें. पुण्यांतील सवाई गंधर्व महोत्सव घ्या, किंवा दुसऱ्या एखाद्या शहरांतील दोन-तीन रात्रींचा उत्सव घ्या. ह्या बाजाराची मांडणी बहुधा एकसारखीच असते. पुस्तकें, ध्वनिमुद्रिका, थोर गवयांचीं छायाचित्रें, हातमागाचीं वस्त्रें, आणि सर्वांत अधिक गर्दीचीं अशीं फराळाचीं दुकानें. ह्या ओळींत केव्हां केव्हां एखादें दुकान असें आढळतें कीं, तेथें लोक थांबतात पुष्कळ, पण घेत मात्र फारसें कांहीं नाहींत. तें दुकान तंबोरे आणि सतारी करणाऱ्या कारागिराचें. त्या दुकानाविषयीं, आणि त्यांत बसणाऱ्या माणसाविषयीं, आज मला आपल्याशीं बोलावयाचें आहे.

त्या माणसाला मीं आतांच कारागीर म्हटलें. व्यवहारांत हाच शब्द रूढ आहे आणि तो स्वतःही स्वतःला ह्याहून मोठें नांव देत नाहीं. पण ठरलेल्या मापानें आणि नमुन्याबरहुकूम वस्तु घडवितो तो कारागीर, आणि जेथें माप संपतें तेथून पुढें ज्याचें काम सुरू होतें तो कलावंत, असा जर भेद करावयाचा असेल, तर मंडपाबाहेर बसलेल्या ह्या गृहस्थाला आंतल्या गवयाच्याच पंक्तीला बसवावें लागेल. हें मी भिडेखातर म्हणत नाहीं. कां म्हणतों, तें सांगण्यासाठीं प्रथम थोडें मिरजेला जाऊन आलें पाहिजे.

महाराष्ट्रांत ह्या धंद्याचें माहेरघर म्हणजे मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तो तेथें रुजला, आणि त्याचे मूळ पुरुष म्हणून फरीदसाहेब ह्यांचें नांव घेतलें जातें. हें घराणें शिकलगारांचें. म्हणजे तलवारी, भाले आणि कट्यारी यांना धार लावणारांचें. इंग्रजांचा अंमल स्थिर झाला, संस्थानांतील हत्यारें खुंटीवर गंजूं लागलीं, आणि शिकलगारांच्या हातचें काम गेलें. मिरजेचे पटवर्धन संस्थानिक गाण्याचे षोकी. त्यांच्या दरबारीं उत्तरेकडील गवई-वादक येत, आणि एखाद्याचें वाद्य मोडलें म्हणजे तें दुरुस्त करणारा ह्या बाजूस कोणी मिळत नसे. ती अडचण ह्या शिकलगारांनीं दूर केली, आणि दुरुस्ती करतां करतां ते नवीं वाद्यें घडवूं लागले, असें सांगतात. पुढें 'सतारमेकर' हें त्यांचें आडनांवच होऊन बसलें. अर्धें फारसी आणि अर्धें इंग्रजी असें हें आडनांव मराठी मुलखांत इतकें मुरून गेलें आहे कीं, त्यांतील एकही शब्द मराठी नाहीं हें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं.

मिरज हें पुणें आणि कर्नाटक यांच्या वाटेवरचें आगगाडीचें मोठें जंक्शन. धारवाड-हुबळीकडे जाणारा किंवा तिकडून येणारा गवई मिरजेवरून जावयाचा. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तेथें राहिले. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्यापाशीं तेथेंच शिकले. किराणा घराण्याचे खांसाहेब अब्दुल करीमखां मिरजेंत येऊन स्थायिक झाले. आणि १९३७ सालीं दक्षिणेच्या प्रवासांत, मद्रासेजवळच्या सिंगपेरुमाळकोइल स्थानकावर त्यांचा अंत झाला, तेव्हां त्यांचा देह मिरजेलाच आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत त्याला विसावा देण्यांत आला. त्या दर्ग्याच्या उरुसांत गवई येऊन गातात. बिदागी ठरवून नव्हे, हजेरी म्हणून. त्याच गांवांत अंबाबाईच्या देवळांत नवरात्रांत संगीताचा उत्सव होतो. तंबोरे करणारे बहुतेक मुसलमान, आणि तंबोरे दोन्हीकडे त्यांचेच. उरुसांत काय किंवा नवरात्रांत काय, मिरजेच्या कारागिराला निराळें दुकान मांडण्याचें कारणच पडत नाहीं. गवई स्वतः गल्लींत येतो, ओट्यावर बसतो, चार तंबोरे छेडून पाहतो, आणि त्यांतला एक उचलून रात्रीच्या बैठकीला घेऊन जातो. उत्सव आणि कारखाना यांच्यामध्यें पांच मिनिटांची वाट.

पुण्यामुंबईच्या उत्सवांत ही वाट दीडशें-अडीचशें मैलांची झाली, आणि म्हणून दुकान आलें. तसें पाहिलें तर पुण्याच्या मंडपांत मिरजेचा माणूस परका नाहीं. सवाई गंधर्व हे अब्दुल करीमखांचे शिष्य. १९५२ सालीं ते वारले, आणि दुसऱ्याच वर्षीं त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनीं त्यांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. गुरुपरंपरेचा धागा उलगडीत गेलें तर तो मिरजेच्या दर्ग्याशीं जाऊन पोंचतो. पण हें नातें मंडपाच्या दारावर कोणी लिहून ठेवीत नाहीं, आणि ज्याला जागेचें भाडें भरून बसावयाचें आहे तो दुकानदारच ठरतो.

आतां तो विकतो तें वाद्य कसें होतें तें पाहूं. तंबोऱ्याचा भोपळा हा आपल्या स्वयंपाकघरांतला भोपळा नव्हे. तो कडू जातीचा. त्याची लागवड पंढरपुराच्या बाजूस, भीमेच्या खोऱ्यांत होते. कडू असल्यामुळें त्याला कीड सहसा लागत नाहीं. तो वेलावरच पक्व होऊं द्यावयाचा, मग महिने न् महिने उन्हांत वाळवावयाचा, आणि वाळला म्हणजे अंड्याच्या कवचासारखा जपत आणावयाचा. पन्नास इंचांच्या आसपास घेर असलेला, वाटोळा, डाग नसलेला भोपळा शेतांत हजारांतून थोडेच निघतात. कारखान्यांत आणल्यावर त्याचें तोंड कापून तो पाण्यांत भिजत ठेवतात. नरम झाला म्हणजे आंतून काठ्यांचा ताण देऊन त्याला हवा तो आकार देतात, आणि तसाच पुन्हा वाळवितात. दांडी, गळा आणि तबली हीं तुणीच्या लाकडाचीं. लाकूड जितकें जुनें तितकें बरें. ओल्या लाकडाचा तंबोरा पहिल्या उन्हाळ्यांत वांकतो, आणि वांकलेल्या दांडीला ब्रह्मदेवही सरळ करूं शकत नाहीं. त्यावर कोरीव पानें, वेलबुट्टी, चपड्याचा हात. पूर्वीं ह्या कामांत हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरीत; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आणि त्याच्या पुढील दुरुस्त्यांनीं तें बंद झालें, आणि तें झालें हें योग्यच झालें. आतां हाडाच्या, शिसवीच्या किंवा कृत्रिम द्रव्याच्या पट्ट्या येतात.

येथपर्यंतचें सारें काम मापाचें आहे. कष्टाचें आहे, कसबाचें आहे, पण शिकवितां येण्यासारखें आहे. मुलगा बापाजवळ बसून पांच-सात वर्षांत तें शिकतो. ह्यानंतर जें उरतें त्याला जवारी म्हणतात.

तबलीवर मधोमध जी रुंद पट्टी असते आणि जिच्यावरून चारी तारा जातात, तिला घोडी म्हणतात. ही घोडी वरून सपाट दिसते. पण ती सपाट नसते. तिला पुढच्या बाजूस इतका सूक्ष्म उतार असतो कीं, डोळ्याला तो दिसत नाहीं आणि बोटालाही नीट कळत नाहीं. छेडलेली तार ह्या उतारावर क्षणोक्षणीं टेकते आणि सुटते, आणि त्या टेकण्या-सुटण्यांतून तो गुंजारव निघतो ज्याच्याशिवाय आपलें गाणें उघडेंबोडकें वाटतें. तारेखालीं घोडीवर कापसाचा एक दोरा सरकविलेला असतो. तो केंसभर मागें-पुढें केला तर आवाज मिटतो किंवा फुलतो. चार तारा: एक पंचमाची, दोन जोडाच्या, एक खर्जाची. जवारी बरोबर लागली असेल तर खर्जाच्या तारेंतून कोणीही न छेडलेला गांधार आपोआप ऐकूं येतो. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं, म्हणजे नोबेल पारितोषिक मिळण्यापूर्वीं नऊ वर्षें, तंबोरा आणि वीणा यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य शास्त्राचा नियम असा कीं, तार ज्या बिंदूवर छेडली जाते त्या बिंदूवर ज्या उपस्वरांची स्थिरता असावयाची, ते उपस्वर त्या तारेंतून निघूं नयेत. रामन यांना आढळलें कीं, आपल्या तंबोऱ्यांतून ते खुशाल निघतात. आणि त्याचें कारण घोडीच्या त्या उतारांत आहे. युरोपांतील पंडितांनीं बांधलेल्या नियमाला मिरजेंतला आणि तंजावरांतला कारागीर कानसेच्या चार हातांनीं रोज वळसा घालीत होता, आणि त्याला त्याची वार्ताही नव्हती.

हा उतार किती असावा, हें कोठल्याही पुस्तकांत लिहिलेलें नाहीं. आणि लिहितां येणारही नाहीं. काळी एकमध्यें गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याला तो वेगळा, काळी चार-पांचमध्यें गाणाऱ्या स्त्रीच्या लहान तंबोऱ्याला वेगळा. एका गवयाला जवारी खुली, झणझणीत हवी असते. दुसऱ्याला ती गोड, बंदिस्त लागते. तार जाड असली तर एक, बारीक असली तर दुसरा. कारागीर तारा ढिल्या करतो, घोडी बाजूला घेतो, कानसेचा हलका हात देतो, कांचकागद फिरवितो, पुन्हा तारा चढवितो, सुरांत मिळवितो, आणि दांडीला कान लावून ऐकतो. पुन्हा उतरवितो. पुन्हा घांसतो. एक घास अधिक झाला कीं सारें गेलें, कारण घांसलेलें हाड परत भरून येत नाहीं. हें करतांना त्याला जें मार्गदर्शन आहे तें फक्त कानाचें. गवयाचा सूर चुकला तर तो पुढच्या आवर्तनांत सांवरतां येतो. ह्याचा चुकला तर पुढचीं दहा वर्षें तो तंबोरा चुकीचाच बोलत राहतो. म्हणूनच ही विद्या कारखान्यांत सर्वांत शेवटीं येते, आणि पुष्कळांना ती येतच नाहीं. वीस माणसें दांड्या रंधणारीं असतील तर जवारी काढणारा त्यांत एखादा.

आतां हा माणूस उत्सवाच्या बाजारांत बसला आहे असें डोळ्यांपुढें आणा. एका बाजूस बटाटेवड्याची कढई, दुसऱ्या बाजूस अत्तराचें दुकान, आणि डोक्यावर मंडपांतला आवाज बाहेर ओतणारा कर्णा. डिसेंबरची थंडी, संध्याकाळीं दंव पडूं लागलें कीं लाकूड आणि भोपळा हवा पिऊं लागतात आणि तारा आपोआप सुरांतून हलतात. येणारे-जाणारे थांबतात. मुलें तारांवरून बोटें फिरवितात. त्यांना कोणी हटकीत नाहीं, आणि हटकूंही नये. मोठीं माणसें तंबोऱ्याला टेकून छायाचित्रें काढून घेतात. "केवढ्याला?" असा प्रश्न होतो. आंकडा ऐकला कीं भुंवया वर जातात, आणि "बापरे, इतकी किंमत!" असें म्हणून मंडळी वड्यांकडे वळतात. किंमत कमी नसते हें खरें. पण एवढ्याच रकमेचा दूरध्वनियंत्राचा नवा नमुना दर दोन वर्षांनीं घेणारा माणूस जेव्हां पन्नास वर्षें टिकणाऱ्या तंबोऱ्याची किंमत ऐकून दचकतो, तेव्हां मला मोठी गंमत वाटते.

आणि पन्नास वर्षें टिकतो हेंच त्या बिचाऱ्याचें दुर्दैव. जो माल कधीं खराब होत नाहीं त्याचें गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाहीं. तेव्हां दुकानाचें भाडें निघावें कसें? तें निघतें तारांच्या पुड्यांवर, सतारीच्या नख्यांवर, दिवाणखान्यांत ठेवावयाच्या वीतभर शोभेच्या सतारींवर. आणि सर्वांत अधिक, विजेच्या तंबोऱ्यावर. ही डबी बंगलोरला १९७९ च्या सुमारास प्रथम तयार झाली. आज तर ती डबीही मागें पडली आहे. दूरध्वनियंत्रांतच तंबोरा येऊन बसला आहे, आणि तो फुकट मिळतो. मी ह्या डबीचा शत्रु नव्हें. चाळींतल्या एका खोलींत राहून पहाटे रियाज करणाऱ्या मुलीला तिनें मोठा आधार दिला आहे, आणि प्रवासांत ती सोयीची आहे यांत शंका नाहीं. पण ज्या डबीनें आपला धंदा खाल्ला तीच डबी आपल्याच दुकानांत, आपल्याच हातांनीं पुसून, तंबोऱ्यांच्या पुढें मांडून विकावयाची, ह्यांत त्या माणसाच्या मनाची काय स्थिति होत असेल! एका उत्सवांत मीं एकाला हें विचारलें. तो शांतपणें म्हणाला, "साहेब, डबी बेसूर होत नाहीं ही तिची तक्रार आहे. तंबोरा उतरतो, म्हणून माणूस ऐकायला शिकतो." एवढें बोलून त्यानें डबीचा खटका बंद केला आणि गिऱ्हाइकाला पावती लिहून दिली.

दुकानाचें खरें काम मात्र रात्रीं सुरू होतें, आणि त्याची पावती लिहिली जात नाहीं. मंडपामागच्या खोलींतून एखाद्या गवयाचा शिष्य घाईघाईनें येतो. त्याच्या हातीं गवसणींतला तंबोरा असतो. मोटारींतून येतांना घोडी सरकलेली असते, किंवा दंवानें जवारी बसलेली असते. आणि बुवांचें गाणें अर्ध्या तासावर आलेलें असतें. दुकानदार समोरचें गिऱ्हाईक सोडून उठतो. कढईचा आवाज येऊं नये म्हणून दुकानाच्या मागच्या कनातींत जाऊन बसतो, तारा उतरवितो, आणि मघां सांगितलें तें सारें काम वीस मिनिटांत, दिव्याच्या तिरप्या उजेडांत करून देतो. शिष्य वांकून नमस्कार करतो आणि पळत जातो. पैशाची गोष्ट निघत नाहीं. फार तर दुसऱ्या दिवशीं चहा पाठविला जातो. त्यानंतर तासभरानें आंत गाणें रंगतें, आणि दहा हजार माणसें म्हणतात कीं आज बुवांचा आवाज काय लागला होता!

माझ्या माहितींतल्या एका उत्सवांत तर असें घडलें कीं, चालकांनीं ह्या माणसाकडून तिन्ही दिवसांचें जागेचें भाडें आगाऊ घेतलें, आणि तिन्ही रात्रीं त्याला आंत बोलावून तंबोरे दुरुस्त करवून घेतले. त्यांत त्यांना कांहीं विसंगत वाटलें नाहीं. ध्वनिक्षेपकाच्या यंत्राची तार जोडणाऱ्याला त्याच उत्सवांत रोजची मजुरी मिळत होती. तक्रार त्या कारागिरानें केली नाहीं, करणारही नाहीं. खांसाहेबांच्या गांवचा माणूस गवयाकडून जवारीचे पैसे मागत नाहीं, असा त्यांच्यांतला संकेत आहे. परंतु संकेत त्याचा आहे, आपला नव्हे. त्याच्या अदबीवर आपण आपली काटकसर उभारावी, हें शोभत नाहीं.

मला त्याहूनही लागतें तें नांवाचें. व्यासपीठावर निवेदक गवयाचें नांव सांगतो, तबलजीचें सांगतो, संवादिनीवाल्याचें सांगतो. आतां तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्यांचींही नांवें सांगण्याची चांगली पद्धत पडली आहे. त्या शिष्यांच्या मांडीवर जें वाद्य आहे तें कोणाच्या हातचें, हें मात्र कोणी सांगत नाहीं. व्हायोलीन वाजविणारा युरोपीय वादक आपलें वाद्य कोणत्या कारागिराचें, कोणत्या सालचें, हें अभिमानानें सांगतो. इटलींतील स्ट्राडिव्हारी ह्या कारागिराचें नांव तर त्यानें घडविलेल्या वाद्यांवर वाजविलेल्या संगीताइतकेंच मोठें झालें. आपल्याकडील तंबोऱ्याच्या भोपळ्यांत केव्हां केव्हां एक कागदाची चिठ्ठी चिकटविलेली असते. तिच्यावर दुकानाचें नांव असतें, आणि ती वाचावयास कोणी आंत डोकावत नाहीं. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें. ही आनंदाची गोष्ट झाली. दुसऱ्या गांवचा माल मिरजेचा म्हणून खपविण्याला त्यामुळें आळा बसेल. पण मानांकनानें नांव राखलें तें गांवाचें. माणसाचें नांव राखण्याचें काम तें करूं शकत नाहीं.

येथें आकाशवाणीचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९४० सालीं आकाशवाणीनें संवादिनीला आपल्या दारांतून बाहेर काढलें, आणि ती पुढें तीस-एक वर्षें बाहेरच होती. तिचे ठराविक स्वर आपल्या गाण्याला मारक आहेत, असा त्यावेळचा आक्षेप होता. तो बरोबर कीं चूक, हा वाद मी आज उकरीत नाहीं. मला एवढेंच दिसतें कीं, त्या काळांत आकाशवाणीवरील शास्त्रीय गाणें मुख्यतः तंबोऱ्याच्या भरंवशावर चाललें होतें. आणि त्या तंबोऱ्यांची निगा राखणाऱ्या हातांचीं नांवें आपल्यापैकीं कोणालाही सांगतां येणार नाहींत.

ह्या धंद्यांतलीं तरुण मुलें आज शहरांत नोकऱ्या शोधीत आहेत. त्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. दांडी रंधण्याचें काम उद्यां यंत्र करील, आणि कदाचित् बरें करील. जवारीचें काम यंत्राकडे जाणार नाहीं. तें फक्त थांबेल. तें थांबूं नये असें ज्यांना वाटतें त्या उत्सवचालकांना करतां येण्यासारख्या गोष्टी थोड्या आणि स्वस्त आहेत. ह्या माणसाकडून भाडें घेऊं नये. त्याला तबलजीप्रमाणेंच मानधन ठरवून बोलवावें. त्याची जागा वड्यांच्या ओळींत न ठेवतां मंडपामागें, जेथें त्याला स्वतःचा तंबोरा ऐकूं येईल अशा ठिकाणीं द्यावी. विक्रीचें दुकान पुढें हवें असेल तर तें त्याचा मुलगा पाहील. आणि निवेदकाच्या हातच्या कागदावर एक ओळ अधिक लिहावी. ती वाचावयास चार सेकंद लागतात.

श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं एखादा तंबोरा असेल. आजीचा, आत्याचा, किंवा लग्नापूर्वीं गाणें शिकणाऱ्या आईचा. तो माळ्यावर गवसणींत गुंडाळून ठेवलेला असतो, आणि घर बदलतांना त्याची आठवण होते. तो मोडीत काढूं नका. खालीं उतरवितांना भोपळ्याखालीं हात धरा. दांडीला धरून उचलूं नका. जुन्या तारा एकदम ताणूं नका, त्या तुटतील आणि तबलीला ओरखडा काढतील. आहेत तशाच ढिल्या राहूं द्या. भोपळ्याला चीर गेली असली तरी घाबरूं नका. ती सांधतां येते. गवसणी काढून दोन दिवस सावलींत, वाऱ्यावर ठेवा. उन्हांत मात्र ठेवूं नका. मग पुढच्या उत्सवांत तो त्या दुकानीं घेऊन जा. पण शेवटच्या दिवशीं रात्रीं नव्हे. पहिल्या दिवशीं दुपारीं, मंडप अजून रिकामा असतांना. त्या वेळीं त्याला सवड असते. घोडी बदलावयाची कीं तीच घांसावयाची हें तो पाहून सांगेल. काम किती दिवसांचें आणि किती पैशांचें हें आपणच आधीं विचारा, कारण तो होऊन सांगणार नाहीं. आणि पैसे देतांना भोपळ्यांतली चिठ्ठी कोणाची निघाली, हेंही त्याला विचारून घ्या. पुष्कळदां ती त्याच्या आज्याची निघते.